राजाचं रीळ पुण्यात जपलं गेलं, रोझीची एक फ्रेमही उरली नाही

भारतात मूकपटांच्या काळात तेराशेहून जास्त चित्रपट तयार झाले आणि आज त्यातले तीससुद्धा धड शिल्लक नाहीत. सिनेमाच्या वारशावर भाषण करणारे लोक हा आकडा फार हळहळून सांगतात. मग एक वाक्य ठरलेलं असतं : ‘आपण आपला वारसा जपला नाही.’ आमचा पहिला आक्षेप या ‘आपण’वर आहे. हे आपण म्हणजे नेमके कोण? रिळं कोणाच्या घरात होती, गोदामं कोणाची होती, कायदा कोणाच्या बाजूने उभा राहिला आणि दगड कोणावर पडले, हे विचारल्याशिवाय नुसती हळहळ आम्हाला मान्य नाही.

मित्रांनो, हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून एकाच शहरातले, एकाच नात्यातल्या दोन माणसांनी काढलेले दोन मूकपट समोर ठेवतो. शहर तिरुवनंतपुरम, त्रावणकोर संस्थानाची राजधानी. पहिला मूकपट ‘विगतकुमारन’. तो जे. सी. डॅनियल यांनी काढला. प्रदर्शनाचं साल १९२८ की १९३० यावर अभ्यासकांत अजून वाद आहे, पण मल्याळम सिनेमाची सुरुवात इथून झाली यावर वाद नाही. दुसरा ‘मार्तंड वर्मा’, १९३३ सालचा. त्याचे निर्माते आर. सुंदर राज, हे डॅनियल यांचे नातेवाईक. दिग्दर्शक पी. व्ही. राव. दोन्ही चित्रपटांनी आपल्या निर्मात्यांना धुळीला मिळवलं. पण दुसऱ्याचं रीळ आपल्या पुण्यात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. पहिल्याचं काहीही नाही.

आधी जे वाचलं त्याबद्दल बोलू.

‘मार्तंड वर्मा’ ही सी. व्ही. रामन पिल्लै यांची १८९१ सालची कादंबरी. मल्याळममधली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. काळ अठराव्या शतकाचा. त्रावणकोरच्या राजघराण्यात गादी मुलाला नाही, बहिणीच्या मुलाला मिळायची. राजा रामवर्मा मरणाच्या दारात, भाचा मार्तंड वर्मा वारस, आणि राजाचा मुलगा पद्मनाभन तंपी काही सरदार घराण्यांना हाताशी धरून कट करतो. कट, पाठलाग, वेषांतर, एक प्रेमकथा, आणि शेवटी योग्य राजा गादीवर. आपल्याकडे शिवकालीन कादंबऱ्यांवर जशा पिढ्या पोसल्या तशाच तिकडे या कादंबरीवर.

आता लेखकाचा काळ बघा. त्याच १८९१ साली त्रावणकोरच्या महाराजांना दहा हजारांवर सह्यांचं एक निवेदन गेलं, ‘मलयाळी मेमोरियल’. सरकारी नोकऱ्या परदेशी, म्हणजे मुख्यतः तमिळ ब्राह्मण बळकावून बसलेत, त्या आम्हा स्थानिकांना द्या, ही मागणी. रामन पिल्लै या चळवळीतले बिनीचे माणूस. नायर समाजातला शिकलेला वर्ग ब्राह्मणांच्या मक्तेदारीविरुद्ध उभा राहत होता आणि त्याला स्वतःचा इतिहास हवा होता, ज्यात राजाला वाचवणारे इमानी शूर आपलेच असतील. ब्राह्मणी मक्तेदारीला नकार दिला ते बरंच झालं. पण त्या नकारात पुलय, परय, ईळव कुठे होते? ईळवांना पाचच वर्षांत, १८९६ साली, डॉ. पल्पू यांच्या पुढाकाराने तेरा हजारांवर सह्यांचं स्वतःचं वेगळं निवेदन द्यावं लागलं. आणि १८९३ साली अय्यनकाळी नावाचा पुलय तरुण बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्याने निघाला, तर त्यासाठी हाणामारी झाली. रस्त्याने बैलगाडीतून जाणं! ब्राह्मणेतर असणं आणि जातिअंताच्या बाजूने असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महाराष्ट्रात आम्हाला वेगळं शिकवावं लागत नाही.

या कादंबरीत एक पात्र आहे ज्यावर आम्ही अडलो. त्याचं नाव भ्रांतन चान्नान, म्हणजे वेडा चान्नार. चान्नार किंवा शानार म्हणजे ताडी काढणाऱ्यांची जात, पुढे जे नाडार म्हणवू लागले. याच जातीच्या बायकांना त्रावणकोरात छाती झाकण्याचा हक्क नव्हता. त्या हक्कासाठी त्यांनी एकोणिसाव्या शतकात दशकानुदशकं मार खाल्ला. बाजारात त्यांचे कपडे फाडले गेले, घरं जाळली गेली, तेव्हा कुठे १८५९ साली राजाज्ञा निघाली. कादंबरी आली तेव्हा या गोष्टीला ३२ वर्षं झाली होती. आणि कादंबरीतला हा वेडा चान्नार, जो राजपुत्राला संकटातून वाचवतो, तो शेवटी कोण निघतो? अनंतपद्मनाभन. वरच्या जातीतला, खानदानी घरचा नायक, मेला असं समजलेला, वेष पालटून फिरणारा. म्हणजे चान्नार शूर असू शकतो, पण तो चान्नार नसला तरच. हे वाचताना आमच्या एका मैत्रिणीने विचारलं, ‘मग खरे चान्नार त्या वेळी काय करत होते?’ प्रश्न बरोबर होता.

सुंदर राज स्वतः नाडार समाजातले. डॅनियलही नाडार ख्रिश्चन. ज्या जातीच्या वेषाआड सवर्ण नायक लपतो, त्या जातीच्या माणसाने पदरचे पैसे घालून ही राजभक्तीची कथा पडद्यावर आणली. का? आमचं वाचन असं, की डॅनियल यांचं काय झालं हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. राजाची गोष्ट, मान्यवर कादंबरी, कोणाच्या भावना दुखायचं कारण नाही. चित्रपटात तेव्हाच्या महाराजांच्या, चित्तिरा तिरुनाल यांच्या मिरवणुकीची खरी दृश्यंसुद्धा आहेत. हे वर्ष १९३३ होतं हे लक्षात घ्या. त्या मिरवणुका ज्या देवळाच्या, त्या देवळाच्या आसपासच्या रस्त्यांचा हक्कसुद्धा अस्पृश्यांना झगडून मागावा लागत होता. त्रावणकोरात मंदिरप्रवेशाची घोषणा व्हायला १२ नोव्हेंबर १९३६ उजाडावा लागला. बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा १९३५ सालीच केली होती, आणि संस्थानं कशाला घाबरली होती हे वेगळं सांगायला नको.

मूकपट असल्यामुळे संवाद पाट्यांवर यायचे. या चित्रपटात पाट्या मल्याळम आणि इंग्रजी दोन्ही भाषांत आहेत, आणि काही मजकूर कादंबरीतूनच उचललेला. इथेच घोडं पेंड खाल्लं. कादंबरीचे हक्क तिरुवनंतपुरमच्या कमलालय बुक डेपोकडे होते. चित्रपट लागताच ते कोर्टात गेले. चित्रपट थोड्याच दिवसांत उतरला, रीळ प्रकाशकाच्या ताब्यात गेलं, सुंदर राज बसले. मल्याळम सिनेमाच्या इतिहासात हा साहित्यावरच्या मालकीचा पहिला खटला मानतात.

आणि गंमत अशी, की याच खटल्यामुळे चित्रपट वाचला! प्रकाशकाच्या गोदामात रीळ पडून राहिलं. ४१ वर्षं. १९७४ साली पुण्याच्या संग्रहालयाने ते मिळवलं. प्रेमाने कोणी जपलं नव्हतं, कलेची कदर म्हणूनही नाही. ती जप्त केलेली मालमत्ता होती आणि मालमत्ता फेकून देत नाहीत, म्हणून ती राहिली. ज्यांना वाटतं की श्रेष्ठ कलाकृती काळाच्या कसोटीवर टिकतात, त्यांनी या गोदामाचा विचार करावा. टिकण्यासाठी कसोटी नव्हे, कुलूप लागलं.

आता दुसरा चित्रपट. ‘विगतकुमारन’ची नायिका पी. के. रोझी. पुलय समाजातली, गवत कापून पोट भरणारी, काक्कारिशी या लोकनाट्यात काम केलेली तरुणी. डॅनियल यांनी तिला नायर घरातल्या मुलीची भूमिका दिली. तिरुवनंतपुरमच्या कॅपिटॉल थिएटरमध्ये चित्रपट लागला तेव्हा प्रतिष्ठित मंडळी आली होती, आणि रोझी तिथे असेल तर आम्ही बसणार नाही अशी अट होती. आपल्याच चित्रपटाच्या पहिल्या खेळाला नायिका आत नव्हती. पडद्यावर ती आली, नायकाने तिच्या केसातलं फूल घेतलं, आणि प्रेक्षागृहात दगड सुरू झाले. एका पुलय बाईने नायर बाई व्हावं? तिच्या झोपडीला आग लावली. ती रातोरात एका लॉरीतून तमिळनाडूकडे गेली, त्या लॉरीच्या ड्रायव्हरशी लग्न केलं, नागरकोविलमध्ये राजम्मा म्हणून जगली आणि तशीच गेली. पुन्हा कधी कॅमेऱ्यासमोर आली नाही.

दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहा. एकात वरच्या जातीचा नायक चान्नाराचा वेष घेतो. ती कला ठरते, शौर्य ठरतं, अभ्यासक्रमात लागतं. दुसऱ्यात पुलय बाई नायर बाईचा वेष घेते आणि तिचं घर जळतं. अभिनय म्हणजे दुसऱ्याचं सोंग घेणं. ते सोंग घ्यायचा हक्कही जातीनेच वाटलाय. हे ज्यांना अतिशयोक्ती वाटतं त्यांनी सांगावं, आज मराठी पडद्यावर दलित पात्रं कोण करतं, आणि पेशव्यांच्या, सरदारांच्या घरातली पात्रं करायला आमच्या वस्तीतल्या किती जणांना बोलावणं येतं?

‘विगतकुमारन’चं रीळ कोणी जप्त केलं नाही, कारण त्यावर हक्क सांगावासा कोणालाच वाटला नाही. डॅनियल कंगाल झाले. त्यांच्या लहान मुलाने खेळता खेळता रिळं जाळली असं सांगितलं जातं. नायट्रेटची फिल्म, ठिणगी लागली की भडकते, पोरांना मजा वाटली असणार. केरळ सरकारने डॅनियल यांना वृद्ध कलावंताचं मानधनही दिलं नाही, तुम्ही तमिळनाडूत राहता म्हणून. १९७५ साली ते वारले. १९९२ पासून त्यांच्याच नावाने राज्याचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार दिला जातो! मेल्यावर सत्कार करायची ही पद्धत आपल्या ओळखीची आहे.

इथे आम्हाला लोक अडवतात. सांगतात, संग्रहालयाला जात नसते, पी. के. नायर यांनी जे मिळेल ते गोळा केलं, चांगलं-वाईट असा भेद केला नाही. हे खरं आहे, आणि आम्ही ते मान्य करतो. १९६४ साली पुण्यात संग्रहालय सुरू झालं, पुढच्याच वर्षी नायर तिथे आले आणि आयुष्य त्यांनी डबे गोळा करण्यात घालवलं. फाळके यांचं जे काही आज दिसतं त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आमचं भांडण त्या माणसाशी नाहीच. संग्रहालयाच्या दारापर्यंत जे पोचतं तेच ते वाचवू शकतं, आणि दारापर्यंत पोचण्याआधीच्या पन्नास वर्षांत कोण काय राखू शकलं, हे जातीने आणि पैशाने ठरलेलं असतं. समाजशास्त्रात बोर्द्यू याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. आमच्या वस्तीत साधी भाषा आहे : ज्याच्या घराला माळा आहे त्याच्याकडे जुन्या वस्तू सापडतात.

जुनं रीळ वाचवणं हे काय काम आहे हे एकदा समजून घ्या, म्हणजे आमचा मुद्दा नीट पोचेल. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती आकसते, चिकट होते, डब्यात तिचा गोळा होतो, शेवटी भुगा होतो. त्याआधी ती थंड, कोरड्या जागी ठेवावी लागते, हाताने एकेक फूट तपासावी लागते, तुटलेली छिद्रं दुरुस्त करावी लागतात, मग सुरक्षित फिल्मवर नक्कल काढायची. आता डिजिटल स्कॅन करून फ्रेम फ्रेम साफ करतात. हे महिनोन्महिन्यांचं, खर्चाचं, सरकारी काम आहे. आणि एवढं करूनही हमी नाही. २००३च्या जानेवारीत पुण्यातच नायट्रेटच्या गोदामाला आग लागली आणि शेकडो चित्रपटांची मूळ रिळं खाक झाली. २०२२ साली केंद्र सरकारने २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर केले. हा पैसा सगळ्यांच्या करातला आहे. मग यादीत काय घ्यायचं हे ठरवणाऱ्या समितीत कोण बसतं, हे विचारण्याचा हक्क आपला आहे की नाही?

महाराष्ट्रातलंच बघा. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ केला. खोट्या कागदावर सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडलेलं दुखणं पडद्यावर आलं होतं. तो मूकपट आज पाहायला मिळत नाही. पौराणिक मूकपटही ढिगाने नष्ट झाले, हे आम्ही विसरत नाही. पण ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘कालिया मर्दन’ यांचे जे भाग सापडले त्यांची पूजा होते, आणि ‘सावकारी पाश’ हरवल्याचं सुतक कोणालाच नाही.

मग करायचं काय? रडत बसायचं? नाही. अमेरिकेतलं एक उदाहरण देतो, आणि ते मुद्दाम देतो. १९१५ साली न्यूयॉर्कमध्ये ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ लागला. थॉमस डिक्सनच्या ‘द क्लॅन्समन’ या कादंबरीवरचा मूकपट, काळ्या माणसांना पशू दाखवणारा, कू क्लक्स क्लॅनला तारणहार ठरवणारा. त्याच वर्षी ती संघटना नव्याने उभी राहिली. त्या वेळी आपला तेवीस-चोवीस वर्षांचा भीमराव त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकत होता. हा चित्रपट आजही उत्तम अवस्थेत उपलब्ध आहे. त्याच्या विरोधात उभे राहिले ऑस्कर मिशो. नांगर धरणारा काळा शेतकरी, स्वतःच कादंबऱ्या लिहून दारोदार विकणारा. १९१९ साली त्यांनी स्वतःच्या ‘द होमस्टेडर’ कादंबरीवर मूकपट काढला. तो हरवला. पण १९२० सालचा त्यांचा ‘विदिन अवर गेट्स’, ज्यात त्यांनी गोऱ्यांच्या जमावाने केलेल्या हत्या दाखवल्या, तोही हरवला असं समजत असताना सत्तरच्या दशकात स्पेनमध्ये त्याची एकुलती एक प्रत सापडली. स्पॅनिश पाट्यांसह, ‘ला नेग्रा’ या नावाने. १९९३ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने तो दुरुस्त केला, पाट्या पुन्हा इंग्रजीत आणल्या. हे आपोआप घडलं नाही. काळ्या अभ्यासकांनी मिशोचं नाव जिवंत ठेवलं, मागणी केली, तगादा लावला, म्हणून कोणीतरी डबे उघडून पाहिले.

रोझीचं नावही असंच राहिलं. कुन्नुकुळी मणी या दलित पत्रकाराने साठ-सत्तरच्या दशकापासून तिचा शोध घेतला, लिहिलं. तोवर केरळच्या सिनेमाच्या इतिहासाला ती ठाऊक नव्हती. नंतर तिच्यावर कादंबरी आली, २०१३ साली ‘सेल्युलॉइड’ चित्रपट आला, बायकांच्या संघटनेने फिल्म सोसायटीला तिचं नाव दिलं, पा. रंजित यांच्या ‘नीलम’ने चेन्नईत तिच्या नावाने महोत्सव भरवला. २०२३च्या १० फेब्रुवारीला गुगलने तिचं चित्र लावलं आणि आपण सगळ्यांनी ते स्टेटसला ठेवलं. ठीक आहे. पण तिचा खात्रीचा म्हणावा असा फोटोही आज नाही, आणि ती अभिनय कसा करायची हे जगात कोणालाच माहीत नाही. आपणही तिला फक्त दगड खाणारी म्हणून ओळखतो. ती नटी होती.

आता आपल्या घरात पाहू, कारण इथे आपल्यालाही बोलून घ्यायचंय. ७ डिसेंबर १९५६ला मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. ती चित्रित करण्यासाठी नामदेव व्हटकर यांनी आपलं किडुकमिडुक गहाण टाकलं. दरवर्षी ६ डिसेंबरला आपण मोबाइलवर ती दृश्यं पाहतो, पुढे पाठवतो. किती जणांना व्हटकरांचं नाव माहीत आहे? वामनदादांच्या, इतर शाहिरांच्या कार्यक्रमांच्या कॅसेटी कुठे आहेत? नामांतराच्या काळातल्या सभा, रमाबाई नगरच्या गोळीबारानंतरचे मोर्चे, गावोगावच्या जलशांच्या व्हिडिओ कॅसेटी, या कोणाच्या तरी पत्र्याच्या पेटीत बुरशी खात पडल्या आहेत. विलास घोगरेंचा आवाज आणि चेहरा आज पडद्यावर दिसतो, कारण आनंद पटवर्धन यांनी तो जपला आणि १४ वर्षं चित्रण करून २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण केला. आमच्या किती शाहिरांना असा कोणी भेटला? चळवळीतले काही ज्येष्ठ आम्हाला म्हणतात, सिनेमा-बिनेमा करमणूक आहे, आधी आरक्षणाचं बघा, अत्याचाराच्या केसेस बघा. दादा, ते बघतोच आहोत. पण कोर्टात पुरावा लागतो हे तुम्हीच शिकवलंत, आणि उद्या आपल्या नातवंडांना ‘असं काही झालंच नव्हतं’ म्हणून सांगितलं जाईल तेव्हा पुरावा कुठून आणणार?

आमचं म्हणणं साधं आहे. पुण्याचं संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालंय. त्याच्याकडे जातिविरोधी चळवळीच्या दृश्य-श्राव्य साहित्यासाठी वेगळा विभाग मागायचा, आणि निवड समितीत आपल्या अभ्यासकांची जागा मागायची. निवेदनं द्यायची, माहितीच्या अधिकारात विचारायचं की २,२०० चित्रपटांच्या यादीत कोणते आहेत आणि ते कोणी ठरवले. पण तोवर हात बांधून बसायचं नाही. ज्या विहारात संगणक आहे तिथे महिन्यातला एक रविवार या कामाला द्या. वस्तीत फिरा, पेट्या उघडायला लावा. कॅसेटला बुरशी असेल तर ती यंत्रात घालू नका, आधी कोरड्या जागेत ठेवा आणि जाणकाराला दाखवा. नक्कल काढाल तेव्हा डब्यावर तारीख, गाव, गाणाऱ्याचं, वाजवणाऱ्याचं आणि चित्रण करणाऱ्याचं नाव लिहा. कोरसमधल्या बायकांची नावंही लिहा, ती नेहमी राहून जातात. एक प्रत कुटुंबाला द्या, एक विहारात ठेवा, एक दुसऱ्या गावी पाठवा. आणि मूळ कॅसेट, कितीही खराब असली तरी, फेकू नका.